खळ्याआधीचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा मे महिन्यात घराबाहेर पडायला लागतो आणि परत येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधले चार-पाच महिने फक्त देणे असते: नांगरणी, बियाणे, खत, पेरणी, तणनाशक, डवरणी, फवारणी, सोंगणी. शेतीत नव्याने उतरणाऱ्याची पहिली फजिती बहुधा याच महिन्यांत होते. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलावर असते, अळी दिसायला लागते आणि औषधाला घरात पैसे नसतात. मग कृषी केंद्राची उधारी होते. ती फेडायची म्हणून माल खळ्यावरून उचलून पडेल त्या भावाने जातो. पीक साधलेले असूनही वर्ष तोट्यात निघते. त्यामुळे नव्या शेतकऱ्याचे आर्थिक नियोजन म्हणजे आधी हे मधले महिने मोजणे. कोणते पीक घ्यावे हा प्रश्न त्यानंतरचा.

हे महिने जिल्ह्यात सगळीकडे सारखे नाहीत. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि इथले लोक बोलतानाही ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असेच बोलतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा हा घाटावरचा मुलूख. तिथे खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीचे तास, रब्बीत हरभरा हा मुख्य बेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, भारी जमीन. तिथे पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, वजन जास्त. सोयाबीनचा पैसा एकदाच, एकरकमी येतो. कपाशीचा वेचणीगणिक, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे तीन-चार महिने हप्त्याहप्त्याने येतो. पण प्रत्येक वेचणीची मजुरी त्याच वेळी रोख मोजावी लागते. पूर्णाकाठच्या बऱ्याच गावांना खारपाणपट्ट्याचा शाप आहे. जमीन हातभर खोल, पण विहिरीचे पाणी खारट. पिकाला दिले तर जमीनच बिघडते. बाहेरून आलेला, किंवा शहरातून परतलेला माणूस काळी माती पाहून हुरळतो आणि विहिरीसाठी कर्ज काढतो. शेजारच्या दोन विहिरींचे पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घेतले, तर ते कर्ज कदाचित वाचते.

पैशाच्या आधी कागद लागतात. या जिल्ह्यात नवा शेतकरी म्हणजे बहुतेक वेळा वाटणीत जमीन मिळालेला मुलगा, पुण्याची कंपनी सोडून गावी आलेला तरुण, किंवा नवऱ्याच्या पश्चात शेत अंगावर पडलेली बाई. तिघांचीही अडचण एकच असते: शेत ते कसतात, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर असतो. वाटणी घरात तोंडी झालेली, धुरा कुठे हे सगळ्या भावांना माहीत, पण फेरफार नाही. बँक, विमा, अनुदान, हमीभावाची खरेदी, सगळे सातबारा आणि आठ-अ पाहून चालते. एकत्र कुटुंबातल्या जमिनीची वाटणी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून नोंदवता येते. वडील वारले असतील तर वारस नोंद. हे काम खरिपाच्या तोंडावर सुरू केले तर तो हंगाम गेलाच म्हणून समजावे. ते हिवाळ्यात हाती घ्यायचे असते. त्याच्या जोडीला दोन नोंदी आल्या आहेत. एक, शेतकरी ओळख क्रमांक. २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. दुसरी ई-पीक पाहणी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर, शेतात उभे राहून करायची आहे. ती राहिली तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या पिकाला ना विमा ना हमीभाव. जमीन विकत घेऊन सुरुवात करणाऱ्याने आणखी एक पाहावे: विदर्भात १९५८ चा कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि त्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

आता वही उघडायची. घाटावरच्या एका एकर कोरडवाहू सोयाबीनचा हिशेब उदाहरणादाखल मांडता येतो. आकडे गावागणिक आणि वर्षागणिक हलतील, पण मांडणी हीच राहील. नांगरणी आणि रोटाव्हेटर २,५०० रुपये. बियाण्याची बॅग ३,०००. बीजप्रक्रिया ३००. डीएपीची एक बॅग १,३५० आणि पालाश-गंधक ७५०. ट्रॅक्टरने पेरणी ९००. म्हणजे पेरणी होईपर्यंत एकरी ८,८०० रुपये जमिनीत गेले. त्यानंतर तणनाशक १,८००, डवरणी आणि निंदण २,०००, कीटकनाशकाच्या फवारण्या ३,०००. पोळ्यापर्यंत आणखी ६,८००. सोंगणी गुत्त्याने दिली तर ३,५००. इथवरची बेरीज १९,१०० होते, आणि ती पीक किती येणार यावर अवलंबून नाही. पुढचा खर्च मात्र मालावर ठरतो: थ्रेशरचे क्विंटलला ३०० आणि वाहतूक-हमालीचे १०० धरले, तर सात क्विंटलला २,८००. एकूण खर्च २१,९००.

सात क्विंटल माल ४,२०० रुपयांनी गेला तर २९,४०० येतात आणि एकरी ७,५०० उरतात. चारच क्विंटल झाले तर १६,८०० येतात, खर्च २०,७०० होतो आणि ३,९०० रुपये अंगावर पडतात. या भावाला तोट्या-नफ्याची सीमा पाच क्विंटलवर येते. हा एक आकडा प्रत्येक शेतकऱ्याला आपापल्या शेताचा माहीत असायला हवा. तो काढायची रीत सोपी आहे: ठरलेला खर्च भागिले क्विंटलमागे हातात राहणारे पैसे, म्हणजे १९,१०० भागिले ३,८००. हमीभाव मिळाला तर चित्र बरेच पालटते. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरवला. त्या भावाने सात क्विंटलचे ३७,२९६ होतात आणि एकरी पंधरा हजारांवर रक्कम उरते. दोन्ही भावांत सोयाबीन तेच आणि घामही तेवढाच.

या हिशेबात घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही, जमिनीचा मक्ताही नाही. गावातले जुने शेतकरी तो धरत नाहीत, कारण धरला तर शेती करवत नाही. नव्या शेतकऱ्याने तो वहीत वेगळ्या रकान्यात का होईना, लिहावा.

आता हेच पाच एकरांना लावले की वर्षाचा आकार दिसतो. मृगाच्या पेरणीपर्यंत ४४,००० रुपये, सप्टेंबरपर्यंत आणखी ३४,०००, सोंगणी-मळणीला ३१,५००, मिळून १,०९,५००. हाती उरणार ते साडेसात हजारांच्या हिशेबाने ३७,५००. घरखर्च महिन्याला दहा हजार धरला तर वर्षाचे १,२०,००० लागतात. पीएम-किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० मिळाले, तरी मेळ बसत नाही. २०१९ च्या १ फेब्रुवारीनंतर जमीन खरेदी करून शेतकरी झालेल्याला तर पीएम-किसान मिळतच नाही. वारसाने जमीन आली तरच मिळते. थोडक्यात, पाच एकर कोरडवाहू शेतीवर पहिल्या वर्षापासून घर चालवायचे असेल तर जोडीला रब्बी, दूध, मजुरी किंवा कुणाची तरी नोकरी लागतेच. पुण्याची नोकरी सोडण्याचा अर्ज लिहिण्याआधी हा हिशेब केलेला बरा. निदान पहिली दोन वर्षे घरातल्या एकाचा पगार सुरू राहावा, किंवा सहा महिन्यांचा घरखर्च शेतीच्या पैशापासून वेगळ्या खात्यात ठेवावा. खताचे पैसे आणि किराण्याचे पैसे एकाच खिशात असले की जुलैत खत हरते.

खर्च कमी करण्याची पहिली जागा बियाण्याची बॅग आहे. सोयाबीन हे स्वपरागीत पीक. संकरित कपाशीचे बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते (बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या खरिपात ९०१ रुपये होती), तसे इथे नाही. चांगल्या वाणाचे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते. त्यासाठी उगवण मात्र तपासावी लागते, आणि तिला पैसा लागत नाही. पोत्यातून सरसकट शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे. आठवडाभरात सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना चांगला कोंब आला तर बियाणे पेरणीजोगे. साठ-पासष्ट आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. त्याहून कमी असेल तर ते बाजारात विकलेले बरे. सोयाबीनचे साल पातळ असते. पोती एकावर एक रचून, आपटून ठेवली की उगवण घसरते. म्हणून घरच्या बियाण्याची थप्पी उंच रचत नाहीत. पाच एकरांत यातून आठ-दहा हजार वाचतात. शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाल्याशिवाय पेरायचे नाही, हा कृषी विद्यापीठाचा सल्लासुद्धा शेवटी पैशाचाच सल्ला आहे. धुळीत पेरून पावसाने दडी मारली की दुबार पेरणी येते आणि एकरी चार हजारांवर रक्कम पुन्हा मातीत जाते. हिशेबात दुबार पेरणीची तजवीज म्हणून निदान निम्म्या क्षेत्राच्या बियाण्याचे पैसे बाजूला असावेत.

दुसरी जागा यंत्रांची. वाटणी झाली की नव्या शेतकऱ्याला दारात ट्रॅक्टर हवा असतो. तो प्रतिष्ठेचाही भाग आहे आणि सोयरिकीत विचारला जातो, हे खरे. पण सहा लाखांचे कर्ज बारा टक्क्यांनी सहा वर्षांसाठी घेतले तर सहामाही हप्ता सुमारे ७१,५०० रुपये बसतो, वर्षाचे १,४३,०००. पाच एकरांचे नांगरणी-पेरणीचे भाडे खरिपात १७,००० आणि रब्बी धरून तीस हजारांच्या आत राहते. गावात भाड्याने ट्रॅक्टर चालवण्याचे काम खात्रीने मिळणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो शेतीचा खर्च उरत नाही, स्वतंत्र धंदा होतो आणि त्याची वहीही स्वतंत्र ठेवावी लागते. बैलजोडी ठेवायची तर चारा-कुटार घरचे असावे. पहिल्या वर्षी विकत घ्यावा असा फवारणीपंप आणि ताडपत्री एवढेच. ऑक्टोबरच्या अवकाळी पावसात सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री असणे-नसणे यात क्विंटलमागे कित्येकदा पाचशे रुपयांचा फरक पडतो.

अनुदानाबद्दल नव्या माणसाचा एक गैरसमज असतो. ते हातात भांडवल देत नाही, आधी केलेला खर्च नंतर परत करते. महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशाने खरेदी, बिल चढवणे, मोका तपासणी आणि त्यानंतर खात्यात रक्कम, असा क्रम असतो. ठिबक-तुषारला अल्प आणि अत्यल्प भूधारकांना केंद्राचे ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत मदत आहे, इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत. टक्केवारी मोठी आहे, पण पैसे येईपर्यंतचे महिने कुणाच्या पैशाने काढायचे याचे उत्तर अर्ज करण्याआधी हवे. पूर्वसंमतीआधी खरेदी केली तर अनुदान जाते, हेही ध्यानात ठेवायचे.

कर्जाकडे येऊ. किसान क्रेडिट कार्ड १९९८ मध्ये आले आणि आज पीककर्ज बहुतेक त्याच रूपात मिळते. त्याची मर्यादा बँक मनाने ठरवत नाही. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी प्रत्येक पिकाचा हेक्टरी कर्जदर ठरवते. त्याला क्षेत्राने गुणायचे. त्यावर काढणीनंतरच्या आणि घरगुती गरजांसाठी दहा टक्के, अवजारे-मालमत्तेच्या दुरुस्तीसाठी वीस टक्के आणि विम्याचा हप्ता मिळवायचा. समजा हेक्टरी दर ५०,००० असेल, तर दोन हेक्टरांचे एक लाख, अधिक दहा हजार, अधिक वीस हजार, म्हणजे १,३०,००० ची मर्यादा बसते. ती पाच वर्षांसाठी असते आणि दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढते. वरच्या पाच एकरांच्या हिशेबातला १,०९,५०० चा खर्च या रकमेत मावतो, म्हणजे कृषी केंद्राच्या उधारीची गरज उरत नाही. तीन लाखांपर्यंतचा व्याजदर सात टक्के; मुदतीत फेडल्यास केंद्र तीन टक्के सोडते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे कर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडते. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही.

यात मोलाचा शब्द ‘वेळेत’. मुदत चुकली की शून्याचे सात होतात, पुढे त्याहून जास्त, आणि खाते थकीत गेले की पुढच्या खरिपाला बँकेचे दार बंद. गावोगाव मार्चमध्ये एक प्रकार चालतो, त्याला ‘नवे-जुने’ करणे म्हणतात. चार दिवसांसाठी कुणाकडून तरी पैसे आणायचे, कर्ज भरायचे, लगेच नवे उचलून त्याचे देणे फेडायचे. खाते चालू राहते आणि व्याज सवलतही मिळते, पण मुद्दल कधीच फिटत नाही. उसन्याचे चार दिवसांचे व्याज वरून बसते. अडचणीच्या वर्षी हे समजण्यासारखे आहे, सवय म्हणून घातक. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांनी अनेकांना हात दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र पुढची माफी कधी येईल यावर हप्ता थांबवणारा माणूस आपली पत जुगारावर लावत असतो.

कर्ज कुठून घ्यायचे हा प्रश्न बुलढाण्यात जरा जास्त विचारला जातो, कारण जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक परवान्याअभावी काही वर्षे अडचणीत होती. नागपूर आणि वर्धा या दोन जिल्हा बँकांबरोबर तिलाही २०१४ मध्ये सरकारी भांडवलाची मदत द्यावी लागली. त्या काळात गावच्या सेवा सोसायटीवर विसंबलेला सभासद राष्ट्रीयीकृत बँकेच्या रांगेत गेला, आणि ज्याला तिथे कुणी विचारले नाही तो सावकाराकडे. परवानाधारक सावकारालाही राज्यात व्याजाची मर्यादा आहे. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानंतर शेतकऱ्यासाठी तारणी कर्जाला सालाना ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के असा दर ठरला. गावात ज्याला ‘तीन टक्के’ म्हणतात ते महिन्याचे असतात, म्हणजे सालाचे छत्तीस. बोलताना ‘महिन्याचे’ हा शब्द गाळण्यात सावकाराचे निम्मे कसब आहे.

नैसर्गिक आपत्तीचा वाटा हिशेबात वेगळा धरावा लागतो. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. २०२३ ते २०२५ या काळात राज्याने ती एका रुपयात दिली. २०२५ च्या खरिपापासून पुन्हा शेतकऱ्याचा हिस्सा आला: खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच. भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पादनावर ठरते आणि प्रयोग महसूल मंडळाच्या पातळीवर होतात. म्हणजे एकाच शिवारात ओढ्याकाठचे सोयाबीन वाहून गेले, पण मंडळाची सरासरी टिकली, तर त्या ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला काही मिळत नाही. अशा वेळी पंचनामा होऊन आपत्ती निधीतून मदत येते. केंद्राच्या २०२२ च्या मापदंडात कोरडवाहू पिकाला ती हेक्टरी ८,५०० रुपये आहे आणि नुकसान किमान ३३ टक्के हवे. एकरी ३,४०० होतात. जमिनीत गेलेल्या १९,१०० पुढे हा आकडा ठेवला की विमा आणि मदत मिळूनही स्वतःची गंगाजळी का लागते, ते कळते.

विक्रीचा पैसा बहुतेक वेळा पंधरा दिवसांच्या घाईत जातो. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांचे सोयाबीन एकदमच खामगाव, चिखली, मेहकरच्या बाजार समित्यांत येते, त्यात ओल असते आणि भाव पडतो. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची अट बारा टक्क्यांची (२०२४ मध्ये ती पंधरापर्यंत शिथिल केली होती), शिवाय आधी नोंदणी लागते. दाण्यावर दात दिला की तो कटकन फुटावा, दबू नये, ही जुनी पारख अजून चालते. तरी ओलावा मोजायचे यंत्र बाजार समितीत असते, ते वापरायला लाजू नये. ज्याला थांबता येते त्याच्यासाठी शेतमाल तारण कर्ज आहे. पणन मंडळ ही योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालवते. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलायची. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी सुरू केलेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्थाही आपल्या गोदामांत माल ठेवून त्यावर कर्ज देते. जिल्ह्यात ही सोय तुलनेने जवळ आहे. पस्तीस क्विंटल सोयाबीन ४,२०० च्या भावाने १,४७,००० चे होते. त्यावर १,१०,२५० मिळाले तर सहा महिन्यांचे व्याज ३,३०७ रुपये. म्हणजे सहा महिन्यांत भाव क्विंटलला पंचाण्णव रुपयांनी जरी चढला तरी व्याज निघते. गोदामभाडे, चढ-उताराची हमाली आणि दाणा वाळून होणारी घट धरली तर दीड-दोनशे रुपयांची वाढ हवी.

भाव वाढेलच याची मात्र हमी नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यात काही बाजारांत सोयाबीनने दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. तो आकडा डोक्यात ठेवून पुढच्या दोन हंगामांत अनेकांनी माल घरातच ठेवला आणि भाव पाच हजारांच्या खाली गेल्यावर तो विकावा लागला. कर्जफेडीपुरता माल काढणीनंतर विकणे, तिसरा हिस्सा तारणावर ठेवणे आणि उरलेला संक्रांतीनंतर पाहणे, अशी विभागणी बरेच जण करतात. सगळा माल एकाच दिवशी विकण्यापेक्षा ती सुरक्षित.

वर्षातून एकदाच पैसा येण्याची ही घडी मोडायची तर जोडधंदा लागतो. दोन दुभत्या जनावरांचा दुधाचा हिशेब डेअरीत दर दहा-पंधरा दिवसांनी होतो. रक्कम लहान, पण किराणा सुटतो. चार शेळ्या म्हणजे अडीअडचणीला मोडता येणारी ठेव. सोयाबीन उत्पादकाला महाबीजच्या बीजोत्पादनात भाग घेता येतो. अकोल्याला मुख्यालय असलेले हे महामंडळ १९७६ पासून काम करते आणि बियाणे पास झाले की बाजारभावापेक्षा जास्त दर देते, पण रक्कम टप्प्याटप्प्याने.

देऊळगाव राजा आणि सिंदखेडराजा परिसरात शेडनेटमधल्या भाजीपाला बीजोत्पादनाने गेल्या काही वर्षांत चांगला जम बसवला आहे. दहा गुंठ्यांच्या जाळीखाली टोमॅटो, मिरची, काकडीचे संकरित बी तयार होते. कंपनी नर-मादी वाण देते, रोज सकाळी बायका एकेका फुलाचे हाताने परागीकरण करतात (गावात त्याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात) आणि बी कंपनीच उचलते. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. केंद्राच्या २०१४ च्या मापदंडात चौरस मीटरला ७१० रुपये धरले होते, म्हणजे ढाचा ७,१०,००० चा आणि निम्मे अनुदान ३,५५,०००. बुलढाणा जिल्हा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात असल्याने अशा ढाच्यांना इथे वाव मिळाला. धंदा फायद्याचा आहे, पण पहिल्या वर्षाचा नाही. क्रॉसिंगच्या मजुरीचे पैसे दर आठवड्याला लागतात. बियाण्याची उगवण आणि वाणाची शुद्धता तपासून झाल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी, कंपनीचे पैसे येतात. तपासणीत लॉट नापास झाला तर सगळेच जाते. करारात दर, नापास ठरवण्याची रीत आणि पैशाची तारीख लेखी नसेल तर जाळी उभारू नये. ज्यांनी हे काम आधी केले आहे अशांच्या शेतावर एक हंगाम राबलेले उत्तम. बुलढाणा आणि जळगाव जामोद इथल्या कृषी विज्ञान केंद्रांतही चौकशी करता येते.

ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याची सुरुवात बटईने किंवा मक्त्याने होते. हे व्यवहार गुढीपाडवा ते अक्षय तृतीयेच्या दरम्यान ठरतात आणि बहुधा तोंडीच असतात, कारण लिहून दिले तर कूळ लागेल ही मालकाची भीती. मक्त्याचे पैसे पेरणीआधी रोख द्यावे लागतात. वरच्या हिशेबात एकरी सात-आठ हजार मक्ता मिळवला तर सात क्विंटल पिकूनही हातात काही उरत नाही. बटईत जोखीम वाटली जाते, त्यामुळे पहिल्या वर्षी तीच बरी: खर्च निम्मा-निम्मा आणि माल निम्मा-निम्मा, कुटार कुणाचे तेही आधी बोललेले. बटईदाराला सातबारा नसल्याने पीककर्ज सहजी मिळत नाही. त्याच्यासाठी नाबार्डची संयुक्त देयता गटाची वाट आहे. चार ते दहा जण एकत्र येऊन, एकमेकांचे जामीन राहून बँकेकडून कर्ज उचलतात. पाडव्याच्या बोलणीतच दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: ई-पीक पाहणी कोण करणार, आणि विमा किंवा आपत्तीची मदत मालकाच्या खात्यात आली तर त्यातला वाटा बटईदाराला किती. ऑक्टोबरमध्ये, पंचनाम्याची रक्कम खात्यात जमा झाल्यानंतर, हे ठरवायला कुणीच तयार नसते.